हसलं कोण?

वर्गात कुणी कुणाला लागेल असं बोललं, तर केणी बाई आधी बोलणाऱ्याकडे बघत नसत. त्या बाकीच्या वर्गाकडे बघत आणि विचारत, "हसलं कोण?"

मी शिक्षक म्हणून शाळेत नवा होतो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. आठवीत माझा विज्ञानाचा तास संपत आला होता, पुढचा बाईंचा इतिहासाचा. त्या दारात येऊन उभ्या होत्या. तेवढ्यात मागून कुणीतरी एका सावळ्या मुलाला म्हणालं, "ए कोळसा, लाईट लाव, दिसत नाहीयेस." वर्ग हसला. मी बोलणाऱ्याला उभं करून कान धरायला लावणार होतो. मी शिकलो त्या शाळेत तसंच करत. पण बाई आत आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हसलं कोण?"

मुलं वह्या काढायला लागली.

"मला कळलं नाही म्हणून विचारतेय. मलाही हसायचंय. मयुरेश, तू हसलास ना? गंमत काय होती ती सांग."

मयुरेश उठला. "बाई, तो काळा आहे."

"बरं. मग?"

"मग... कोळसा पण काळा असतो."

"बरं. मग?"

"मग लाईट नसेल तर तो दिसत नाही."

"आणि अंधारात तू दिसतोस?"

"नाही बाई."

"मग गंमत कुठे आली यात?"

मयुरेशने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी बाकावर नखाने रेघा ओढत होता. "होती बाई," मयुरेश म्हणाला, "आता गेली."

बाईंनी आणखी दोघांना उठवलं. त्यांनाही गंमत सांगता आली नाही. बोलणारा मुलगा मागे बसून वाट बघत राहिला. आपल्याला अजून कुणी ओरडत का नाही, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "तुझं ऐकलंय मी. आता गिऱ्हाईक उरलंय का बघ." आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला लागल्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, तेव्हा बशीत चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "सर, बोलणारा एकटाच असतो. त्याला मारलं की तो हिरो होतो. दुकान गिऱ्हाईकांवर चालतं."

केणी बाई मूळच्या बाळकुमच्या. त्यांचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला जात, घरची थोडी भातशेतीही होती. आता त्या शेतावर टॉवर उभे आहेत आणि बाईंच्या भावांचे फ्लॅट त्यांत वरच्या मजल्यांवर आहेत. भावांकडे मोठ्या गाड्या आहेत. बाई शाळेत चालत यायच्या. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पावसाळ्यात बूट चिखलाने भरत, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरे. बाईंना नोकरीची गरजच काय, असं स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे बोललं जाई. एकदा कुणीतरी समोरच बोललं. बाई म्हणाल्या, "जमिनीने घर भरलं हो. दिवस कशाने भरू?"

त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा सुकट किंवा बोंबील असे. काही शिक्षिकांना वास सहन होत नसे. एकीने त्यांना जरा कोपऱ्यात बसायला सुचवलं. बाईंनी खिडकी उघडली आणि आपल्या जागेवर जेवायला बसल्या. राग नाही, टोमणा नाही. पुढे ती खिडकी कायमची उघडी राहिली, आणि सुचवणाऱ्या बाई उन्हाळ्यात तिच्याजवळ येऊन बसायला लागल्या.

वर्गात त्या पुस्तकातली म्हणावी अशी शुद्ध मराठी बोलत. पण घरून फोन आला की त्यांचा आवाजच बदले. "मना उशीर व्हईल, तुमी जेवून घ्या," असं म्हणून फोन ठेवत आणि तोंडातलं तेच वाक्य जणू पुसून पुन्हा प्रमाण मराठीत बोलू लागत.

मी जिंतूरचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. परभणीला बी.एस्सी., बी.एड. केलं आणि ठाण्याला लागलो. विठ्ठलवाडीला खोली घेतली होती. माझ्या तोंडी 'करायलोय', 'जायलोय' असं येई. मुलं लगेच नक्कल करायला लागली. "सर काय करायलेत?" असं फळ्यावर लिहिताना पाठीमागून ऐकू यायचं. मी बाईंना सांगितलं तेव्हा आधी त्याच हसल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बोलणं सोडू नका. मी सोडलं, आता फोनपुरतं उरलंय." पुढच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाने मला येऊन विचारलं, "सर, बाई बोलल्या, 'जायलोय' म्हणजे 'जातोय' की 'जाणार आहे', ते तुम्हालाच विचारा." मी सांगितलं. मग तो वर्ग माझ्याकडून शब्द गोळा करायला लागला. नक्कल बंद झाली नाही, पण तिच्यातली खोच गेली. बाईंचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांतला हा एक. त्यांनी तो कधी उपकार म्हणून मोजला नसेल.

जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिल्या तासाला त्या प्रत्येकाला एकच विचारत. "तुझं नाव तू कसं म्हणतेस?" मूल जसं म्हणे, तसंच त्या वर्षभर म्हणत. टोपणनावाने हाक मारत नसत, 'बाळा' वगैरे तर नाहीच.

आता आमच्या हेडसरांबद्दल सांगायला हवं. हेडसर प्रेमळ माणूस. मुलाने मुलीला त्रास दिला की त्यावर त्यांचा एक जुना उपाय होता. त्यांच्या टेबलाच्या खणात बारा महिने राख्यांचं पाकीट असे. मुलीने त्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर राखी बांधायची, मुलाने तिच्या पाया पडायचं, शाळेने टाळ्या वाजवायच्या. मग तक्रार मिटली असं धरायचं. आमच्याकडे जानेवारीतही राखीपौर्णिमा व्हायची. पालकांना हा उपाय फार आवडे. त्याचे फोटो निघत.

बाईंना आवडत नसे. "त्रास तिला झाला, आणि धागाही तिनेच बांधायचा?" असं त्या एकदा बैठकीत म्हणाल्या होत्या. हेडसर हसून म्हणाले, "बाई, संस्कार असतो तो." विषय तिथेच संपला.

ज्या वर्षी पूनम खडका या मुलीची गोष्ट घडली, त्या वर्षी मी नववी ब चा वर्गशिक्षक होतो. पूनमचे वडील शाळेजवळच्याच एका कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन. आई तिथल्या घरांतून कामं करायची. घरी नेपाळी बोलत, पण पूनम ठाण्यातच जन्मली. मराठीत वर्गात तिचे सगळ्यात जास्त गुण. आवाज खणखणीत. रोज सकाळी प्रतिज्ञा सांगायला तीच पुढे असे.

गॅदरिंगला नववीचं इतिहासावर एक छोटं नाटक असायचं. ते बाई स्वतः लिहीत आणि बसवत. त्या वर्षीचं नाटक होतं प्राचीन काळच्या एका विद्यापीठाचं. चीनहून एक प्रवासी तिथे शिकायला येतो, दारात तिथले आचार्य त्याची परीक्षा घेतात, आणि तो उत्तरं देऊन आत जातो. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि ती पूनमवर थांबली. "प्रवासी तू." आम्हा सगळ्यांनाच निवड अचूक वाटली. पूनमने मान हलवली.

तिने काम सुंदर केलं. लांब झगा, गोल टोपी, ओठांवर काजळाने काढलेल्या बारीक मिशा. शेवटचं लांब भाषण तिने एकदाही न अडखळता म्हटलं. हेडसर पहिल्या रांगेतून म्हणाले, "एकदम ओरिजिनल." फोटो इतका छान आला, की शाळेने जानेवारीत फाटकावर 'प्रवेश सुरू'चा फ्लेक्स लावला त्यावर मधोमध तोच छापला.

'मोमो' वगैरे आधीही अधूनमधून कुणीतरी म्हणत असे. पण नाटकानंतर पूनम 'चिनी' झाली. "ए चिनी, व्हिसा दाखव." डबा खाताना डोळे ताणून दाखवायचे. वर्गाचा गृहपाठासाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. आर्यन जगदाळेने तिच्या नाटकातल्या फोटोचं स्टिकर बनवलं. खाली लिहिलं, 'व्हिसा संपला, परत जा.' पूनमने गणिताचं काही विचारलं की स्टिकर. 'थँक यू' लिहिलं तरी स्टिकर. ती ग्रुपवर लिहायची बंद झाली. शाळेत कुणालाच तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्याच एका मुलीच्या आईने मुलीचा फोन पाहिला आणि तो घेऊन थेट हेडसरांकडे आली.

हेडसरांनी खण उघडला.

बाईंनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विरोध केला. मी बाहेर होतो, आवाज ऐकू येत होता. "सर, शाळेत निम्म्या मुलांना हे ठाऊक नाही. तिला व्यासपीठावर बोलावलंत की सगळ्यांना ठाऊक होईल." हेडसर म्हणाले, "बाई, लपवून ठेवलं तर उद्या आपल्यावर येईल. काहीतरी केलेलं दिसायला हवं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आर्यन वर गेला. मग पूनमचं नाव पुकारलं. ती गेली, राखी बांधली, तो पाया पडला. टाळ्या झाल्या. प्रतिज्ञा त्या दिवशी दुसऱ्याच मुलीने सांगितली.

संध्याकाळी नवं स्टिकर आलं होतं. राखी बांधतानाचा फोटो आणि खाली, 'मेड इन चायना'. हे आर्यनने केलेलं नव्हतं. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते इतर वर्गांतही गेलं.

पूनम शाळेत यायची थांबली.

चार-पाच दिवस गेले. घरी फोन लावला तर तिची आई 'बरं नाही' म्हणायची. मग बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचा वर्ग आहे. तुम्ही दारात थांबा, मी बोलते." त्या वर्गात गेल्या आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. या वेळी मुलं लगेच उभी राहिली. जवळजवळ सगळी. त्यांना आता बाईंची पद्धत पाठ झाली होती. पटकन उभं राहायचं, मान खाली घालायची, 'गंमत नव्हती' म्हणायचं, बसायचं. बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. एकेकाला विचारायला सुरुवात करून त्या मध्येच थांबल्या.

पहिल्या बाकावर सानिका म्हणून एक मुलगी होती. वर्गात फारसं न बोलणारी. "बाई, एक सांगू? राग नाय ना येणार?"

"सांग."

"तिला चिनी तुम्हीच केलंत बाई."

कुणीतरी तिचा फ्रॉक मागून ओढला. सानिका बसली नाही. "आधी मोमो बोलायचे, तेव्हा आम्ही सांगायचो, ए गप. पण नाटकानंतर ते बोलले, बाईंनीच दिलंय ना तिला, मग काय झालं. मग आम्हाला काय बोलणार तेच कळेना."

बाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. चूक सापडलेल्या मोठ्या माणसाकडे मुलं बघतात तसा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आता बाई काय करतात म्हणून. मला वाटलं, त्या हेतू समजावून सांगतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. मग सगळ्या वर्गाला, "हसलं कोण विचारते ना मी. मीही हसले होते. गॅदरिंगला, विंगेत उभी राहून. ती टोपी घालून आली तेव्हा. कौतुकाने हसले, पण हसले. चेहरा बघून काम दिलं मी तिला. तुम्ही माझं बघून शिकलात. आता बसा सगळे."

त्या तासाला त्यांनी काही शिकवलं नाही. मुलांनीही गोंगाट केला नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पूनमच्या घरी गेलो. घर म्हणजे कॉम्प्लेक्सच्या मीटररूमला लागून असलेली एक खोली. पूनमची आई दारातच भांडी घासत होती, ती उठून उभी राहिली. वडील फाटकावरून आले आणि टोपी काढून उभे राहिले. बाई खाली चटईवर बसल्या, बूट बाहेर काढून. मीही बसलो.

"बाई, तिची काय गलती नाही," वडील म्हणाले. "पण आता बस झालं. वरच्या मॅडमचं पार्लर आहे. ती बोलली, पाठव, शिकवते."

"दहावी एका वर्षावर आलीय," बाई म्हणाल्या.

"दहावी करून काय, बाई? पार्लरमध्ये हे तोंड चालतं. तिथे कोण परत जा बोलत नाही."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "ए बहादूर, गेट."

वडील गेले, फाटक उघडून परत आले. बाईंनी विचारलं, "तुमचं नाव बहादूर आहे?"

"नाही. हरी."

"मग ओ का देता?"

"गेट उघडायचं असतं ना, बाई."

पूनम आत कॉटवर बसून सगळं ऐकत होती. बाई तिला म्हणाल्या, "पूनम, माझं चुकलं. ते काम मी तुला चेहरा बघून दिलं."

"तुम्ही वाईट म्हणून नाय दिलंत, बाई."

"वाईट म्हणून नाही दिलं. पण बघून दिलं. ऐकून द्यायला हवं होतं. तुझ्या आवाजाला त्या नाटकात आचार्यांचं काम होतं. ते मी सुमितला दिलं, उंच दिसतो म्हणून."

पूनम हसल्यासारखं करत म्हणाली, "तो तर दोनदा विसरला."

"विसरलाच."

तिच्या आईने आमच्यासाठी चहा टाकला. शेवटी बाईंनीच विचारलं, "तू शाळेत यावंस म्हणून आम्ही काय करू? आम्ही काय करायचं ते ठरवून आलो नाही. तू सांग."

पूनम एकेक सांगू लागली, बोटांकडे बघत. "प्रार्थनेला नाव नको. कोणी सॉरी बोलायला येऊ नको. माझ्यावर भाषण नको, निबंध नको. माझ्यावर कार्यक्रमच नको, बाई." मग थांबून म्हणाली, "आणि गेटवरचा फ्लेक्स काढा. रोज त्याच्या खालून यायला लागतं."

फ्लेक्सचं आमच्या कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. मी स्वतः रोज त्याच्याखालून जात होतो.

"बरं," बाई म्हणाल्या. मग वडिलांकडे वळल्या. "दहावीपर्यंत तिला माझ्याकडे शिकू द्या. मग पार्लर, कॉलेज, काय ते तीच ठरवेल."

वडिलांनी लगेच हो म्हटलं नाही. "दोन महिने बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी फ्लेक्सला नकार दिला. "किती छान आलाय. आपण तिला मान दिलाय त्यात." बाईंनी विचारलं, "लावायच्या आधी तिला विचारलं होतं?" हेडसरांनी शिपायाला बोलावलं. ते मुळात वाईट नव्हते. दुपारी शिपायाने शिडी लावली, बाई पदर खोचून शिडी धरून उभ्या राहिल्या आणि फ्लेक्स खाली आला. नवा छापून येईपर्यंत फाटक मोकळं होतं. एका पालकाने येऊन विचारलंसुद्धा, यंदा प्रवेश बंद आहेत का म्हणून.

राहिला आर्यन. हेडसरांना त्याला शाळेतून काढायचं होतं, राखी वाया गेल्याचा तो राग असावा. बाई म्हणाल्या, "काढलात तर तो दुसऱ्या शाळेत जाऊन हेच करेल." त्यांनी त्याच्या वडिलांना शनिवारी बोलावलं. ते वागळे इस्टेटमध्ये मशीनवर काम करतात. पाळी संपवून तसेच आले होते, हाताला तेल.

"बाई, पोरं आहेत, मस्ती करतात," ते म्हणाले. "मी साताऱ्याकडनं आलेलो तेव्हा आम्हाला 'ए घाटी' करायचे. आम्ही काय रडत बसलो नाही."

"रडला नाहीत. पण विसरलात?"

ते हाताचं तेल रुमालाला पुसत राहिले. आर्यन बापाकडे बघत होता. बाप गप्प बसलेला त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिला असावा.

"आर्यन," बाई म्हणाल्या, "तिची माफी मागायची नाही. तिने नको म्हटलंय. तू जे सांडलंस ते तू वेचायचं. ज्याच्या-ज्याच्या फोनवर ते गेलंय, त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं, हे मी केलंय, काढून टाक. मेसेज करून नाही. तोंडाने. आणि दुसरं जे आलं, राखीचं, तेही."

"ते मी नाय केलं, बाई."

"माहितीय. पण वाट तू केलीस."

आर्यनला वाटलं असेल, एका दिवसात होईल. मार्च संपेपर्यंत तो फिरत होता. स्टिकर दुसऱ्या शाळेतल्या मुलांकडे, ट्यूशनच्या ग्रुपवर, डोंबिवलीत राहणाऱ्या कुणाच्या तरी मावसभावाकडे पोहोचलं होतं. कुणी हसून हाकलून देई. एकाने त्याच्यासमोरच ते पुन्हा दहा जणांना पाठवलं. आर्यन दर सोमवारी बाईंना येऊन सांगे, कोण झालं, कोण राहिलं. बाई ऐकून घेत, शाबासकी देत नसत. शेवटी एकदा तो म्हणाला, "बाई, हे संपतच नाय." बाई म्हणाल्या, "हो. संपत नाही." आणि त्याला जायला सांगितलं.

पूनम दरम्यान परत आली होती. एका साध्या मंगळवारी. बाईंनी मला आधीच बजावलं होतं, "काही खास करू नका, सर. हजेरी घ्या." मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं, ती "हजर" म्हणाली, आणि मी पुढचं नाव घेतलं. सानिकाने तिला आपल्या बाकावर जागा केली होती. प्रतिज्ञा सांगायला मात्र ती पुन्हा कधी पुढे आली नाही. वडिलांचे दोन महिने उलटले, त्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात येऊन बसली.

सगळं थांबलं असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या रस्त्यावर, क्लासला, तिला अजूनही ऐकावं लागत असेल. शाळेत कमी झालं. कारण आता कुणी 'ए चिनी' म्हणायला लागलं, की हसण्याआधी मुलं सानिकाकडे बघत. बाईंकडे नव्हे. एवढा फरक मला दिसला.

पुढच्या मार्चमध्ये पूनमने परीक्षा दिली. मराठीत शाळेत पहिली आली. ती आता कॉलेजला जाते. पार्लरच्या मॅडम वरच्या मजल्यावरून अजूनही विचारतात, असं तिची आई मला एकदा बाजारात म्हणाली. केणी बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. त्यांना शेवटचं शिकवताना पाहिलेलं मला आठवतं ते मात्र त्याच्या आधीचं आहे, पूनम दहावीत आली त्या ऑगस्टमधलं.

पंधरा ऑगस्टला दहावीची मुलं आमच्याकडे अभिवाचन करतात. त्यासाठी बाई वाचक निवडत होत्या. मी व्हरांड्यातून जात होतो आणि वर्गात बघून थांबलो. बाईंनी आपली खुर्ची फळ्याकडे वळवून ठेवली होती आणि वर्गाकडे पाठ करून त्या बसल्या होत्या. मुलं हजेरीपटाच्या क्रमाने उठत, एक उतारा वाचत आणि बसत. बाई मध्येच "पुन्हा" म्हणत, किंवा "तू," किंवा नुसतं "पुढे." सुरुवातीला मुलं खिदळली होती, ती आता गंभीर झाली होती. एरवी कुणी ज्याला मंचावर उभं केलं नसतं असा एक मुलगा निवडला गेला आणि स्वतःच दचकला.

क्रम पूनमपर्यंत आला. ती उठली नाही. तिच्यापुढे गणिताचं पुस्तक उघडं होतं. सानिकाने तिला कोपराने हळूच ढोसलं. पूनमने मान हलवली, नाही.

वर्गात शांतता झाली. त्या शांततेत कोण बसलंय हे बाईंना क्रमावरून कळलं असणारच. त्या वळल्या नाहीत. पाठ ताठ करून, फळ्याकडे बघत, इतरांसाठी थांबल्या होत्या त्याहून बराच जास्त वेळ त्या थांबल्या.

मग म्हणाल्या, "पुढे."